तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी हिरोच जिंकणार, मग सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये बघायचं काय?

मला सुपरहिरोंचे पिक्चर मनापासून आवडतात हे कळलं की समोरचा बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतो. शेवटी तोच जिंकणार हे पोस्टरवरूनच कळतं, मरायचा तर प्रश्नच नाही कारण पुढचा भाग आधीच जाहीर झालेला असतो, मग दोन-अडीच तास बसून नेमकं बघता काय? आणि जे कॉमिक वाचणारे असतात ते जरा वेगळं विचारतात, की तोच हिरो, तीच गोष्ट, तरी एक पिक्चर इतका भारी आणि दुसरा इतका रटाळ कसा काय होतो. मला दोन्हीचं उत्तर एकच वाटतं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

तो जिंकणार की नाही हे बघायला मी बसतच नाही. त्याची ताकद कुठे संपते ते बघायला बसते. ज्या पिक्चरने ही हद्द मला नीट दाखवली, म्हणजे हा माणूस इथपर्यंत जाऊ शकतो, याच्या पुढे त्याचं काही चालत नाही, आणि मग त्याला बरोबर त्या हद्दीवर नेऊन उभं केलं, तो पिक्चर रंगतोच. हद्दच नसेल तर कितीही बिल्डिंगी पडू देत, मी घड्याळ बघायला लागते.

आता आधी सगळ्यात अवघड केस घेऊ, सुपरमॅन. हा १९३८ साली कॉमिकमध्ये आला तेव्हापासून त्याच्या ताकदीत भरच पडत गेली, त्यामुळे लोक म्हणतात की याला कोण काय करणार, याची गोष्ट बोअरच होणार. पण १९७८ चा रिचर्ड डॉनरचा पिक्चर बघा. व्हिलन दोन मिसाइल सोडतो, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. सुपरमॅन दोन्ही थांबवू शकतो, दोन्ही एकाच वेळी थांबवू शकत नाही. बस. इतकं साधं आहे ते. त्यात पूर्वेकडचं आधी थांबवीन असा शब्द त्याने दिलेला असतो, कारण त्या अटीवरच त्याला क्रिप्टोनाइटपासून, म्हणजे त्याची ताकद काढून घेणाऱ्या दगडापासून, सोडवलेलं असतं, आणि तो शब्द पाळतो, आणि तेवढ्यात पश्चिमेकडे मिसाइल पडून भूकंप होतो आणि त्याचा जीव जडलेला असतो ती पत्रकार लोइस गाडीसकट जमिनीत गाडली जाते. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला शरीर एकच आहे, ही हद्द मला कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त घाबरवते. यानंतर तो पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच मागे फिरवतो, ते मला आजही पटत नाही. इतका वेळ पिक्चरने जी भिंत उभी केली ती त्यांनी स्वतःच्याच हाताने पाडली, आणि एकदा काळ मागे नेता येतो म्हटल्यावर मग पुढे कशाचीच काळजी करायची गरज उरत नाही.

पण त्याच पिक्चरमध्ये एक छोटा सीन आहे जो मी कितीही वेळा बघू शकते. क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा माणूस म्हणून वावरणारा सुपरमॅन, लोइसच्या घरी आलाय, ती आत तयार होतेय, आणि त्याच्या मनात येतं की आपण कोण ते आता सांगून टाकावं. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो, पोक काढलेली पाठ ताठ करतो, खांदे मागे जातात, आवाज खाली उतरतो, आणि कुठलाही इफेक्ट नाही, ड्रेस बदललेला नाही, तरी समोर अख्खा सुपरमॅन उभा! मग धीर सुटतो, चष्मा परत डोळ्यावर, खांदे परत पडलेले. आकाशात उडणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलता येत नाही. एवढी मोठी हद्द एका नटाने नुसत्या पाठीच्या कण्याने दाखवली, याच्यापुढे शंभर कोटींचा स्फोट काय करणार सांगा.

कॉमिकचा पिक्चर करताना खरी गोम कुठे असते तर वेळेत. कॉमिक वाचताना वेळ आपल्या हातात असतो, एका चित्रावर पाहिजे तितकं थांबा, मागचं पान परत उघडा. चित्रकार फक्त चौकट लहान-मोठी करून सांगतो की इथे थांब, इथे पळ. पिक्चरमध्ये मात्र घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात, त्यामुळे कुठे रेंगाळायचं हे त्याला कळलं नाही तर चित्रं जशीच्या तशी उतरवूनही हाती काही लागत नाही. आणि उलट, ते कळलं तर गोष्ट पूर्ण बदलली तरी चालतं.

याचं मला आवडणारं उदाहरण देते. फेब्रुवारी १९६६ चा अमेझिंग स्पायडर-मॅनचा ३३ वा अंक, गोष्ट स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्कोची, चित्रं डिट्कोची. स्पायडर-मॅन एका प्रचंड मशिनखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि त्याला वाढवणाऱ्या मे काकूसाठी लागणारं औषध समोर जमिनीवर पडलंय, हात पोचत नाही इतक्याच अंतरावर. डिट्को इथे घाई करत नाही, पानामागून पान तो नुसता उचलतोय, हरतोय, परत उचलतोय, आणि जसजसं वजन हलायला लागतं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि शेवटी पानभर चित्र, मशीन डोक्यावर! मारामारी नाही, समोर व्हिलन नाही, एक पोरगा आणि एक वजन. आणि वाचणारा दात आवळून बसलेला.

२०१७ च्या स्पायडर-मॅन होमकमिंगमध्ये जॉन वॉट्सने हाच प्रसंग घेतला आणि जवळजवळ सगळं बदललं. मशीन नाही, पडलेल्या बिल्डिंगचा ढिगारा आहे. औषध नाही, काकू ठणठणीत. टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, दिलेला हायफाय सूट काढून घेतलेला आहे आणि पोरगा घरी शिवलेल्या कपड्यांत आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो आधी उचलायचा प्रयत्न धड करतच नाही, तो ओरडतो. वाचवा, मी खाली अडकलोय, कोणी आहे का. स्पायडर-मॅन झालेल्या टॉम हॉलंडचा आवाज तिथे खरंच पंधरा वर्षांच्या मुलासारखा फाटतो आणि आपल्या एकदम लक्षात येतं की अरे हा लहान आहे. मग त्याला खालच्या डबक्यात स्वतःचा चेहरा दिसतो, अर्धा त्याचा आणि अर्धा पाण्यात पडलेल्या मास्कचा, आणि ही अर्ध्या चेहऱ्याची आयडिया पण डिट्कोच्याच चित्रांतली. मग तो उचलतो. कॉमिकमध्ये हद्द स्नायूंची होती, इथे हद्द आहे ती मला कोणीतरी येऊन वाचवेल या आशेची, ती संपल्यावरच त्याचा जोर सुरू होतो. इतके बदल करूनसुद्धा मी याला अगदी इमानदार अ‍ॅडॅप्टेशन म्हणेन, कारण थांबायचं कुठे ते त्यांनी डिट्कोकडून बरोबर उचललंय.

आता हद्द दाखवायची म्हणजे पिक्चर रडका करायचा असा अर्थ नाही हां. उलट मला हसू पण तिथेच सगळ्यात जास्त येतं. सॅम रेमीच्या २००४ च्या स्पायडर-मॅन २ मध्ये पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनचीच, ताकद अधूनमधून गायब व्हायला लागते, जाळं येतच नाही, आणि उंच बिल्डिंगवर अडकलेल्या त्याला शेवटी लिफ्टने खाली यावं लागतं. पूर्ण ड्रेसमध्ये, शेजारी एक अनोळखी माणूस, आणि दोघं गप्प. मग तो माणूस ड्रेसचं कौतुक करतो आणि हा सांगतो की जरा खाज येते. असा जोक मध्येच चिकटवता येत नाही, तो गोष्टीच्या पोटातूनच यावा लागतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी जीवावरचा प्रसंग चालू असताना हिरो टोमणे मारत असतो, तेव्हा मला वाटतं की याला भीती नाही तर मी कशाला घाबरू.

आणि त्याच पिक्चरमधली ती ट्रेन. व्हिलन डॉक्टर ऑक्टोपसने कंट्रोल तोडून टाकलाय, ट्रेन सुसाट, पुढे रूळ संपलेत. पीटर आधी पाय लावून थांबवायला बघतो, खालच्या फळ्या तुटत जातात, काही होत नाही. म्हणजे पहिला उपाय फसतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिथे आपल्याला ट्रेनचं वजन कळतं. मग तो दोन्ही बाजूच्या बिल्डिंगना जाळी मारतो, एक नाही, भराभर कितीतरी, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवतो, आणि रेमी त्याचा चेहरा दाखवत राहतो, मास्क नाहीये, तोंड वेडंवाकडं झालंय, ड्रेस फाटतोय. ट्रेन अगदी काठावर थांबते आणि हा शुद्ध हरपून पुढे कोसळायला लागतो, तेवढ्यात आतून हात येतात आणि त्याला धरतात. लोक त्याला डोक्यावरून हातोहात आत नेतात, खाली ठेवतात, आणि एक जण म्हणतो की हा तर पोरगा आहे, माझ्या मुलाएवढा. जिथे त्याची ताकद संपली बरोबर तिथे बाकीच्या माणसांची सुरू झाली, आणि हे डायलॉगमधून न सांगता नुसत्या हातांतून दाखवलं. मला हा सीन बघताना दर वेळी गळ्यात दाटून येतं आणि त्याबद्दल मला काहीही संकोच वाटत नाही.

व्हिलनचं पण याच्यावरूनच ठरतं. ज्याला हिरोची हद्द माहीत आहे तो व्हिलन भारी, फक्त जास्त ताकद असलेला व्हिलन कामाचा नाही. २००८ च्या द डार्क नाइटमध्ये चौकशीच्या खोलीत बॅटमॅन जोकरला बदडतोय आणि जोकर हसतोय, कारण त्याला माहितेय की मार खाण्याची ज्याला भीती नाही त्याच्यापुढे बॅटमॅनचं काहीच चालत नाही. मग तो दोन पत्ते देतो, दोन ठिकाणी दोन माणसं, वेळ एकालाच वाचवण्याइतका, आणि पत्ते पण अदलाबदल करून सांगतो. बघा ना, तीच एक शरीर आणि दोन जागांची अडचण, तीस वर्षांनी, पण इथे ख्रिस्तोफर नोलन काळ मागे फिरवत नाही. जे गेलं ते गेलं. हीथ लेजरला जोकरच्या रोलसाठी मृत्यूनंतर ऑस्कर मिळालं आणि ते शंभर टक्के त्याचंच होतं.

त्याच वर्षीचा आयर्न मॅन हद्द अजून वेगळ्या पद्धतीने वापरतो. टोनी सूट घालून पहिल्यांदा खूप उंच उडतो, वर सूटवर बर्फ साचतो, सगळं बंद पडतं, तो दगडासारखा खाली यायला लागतो. बघताना वाटतं गंमत म्हणून घातलंय. शेवटच्या मारामारीत समोरचा त्याच्याहून मोठा सूट घालून आलाय, टोनीची बॅटरी संपत आलीय, आणि तो सरळ वर वर उडत जातो आणि बर्फाबद्दल विचारतो. समोरच्याने तो विचारच केलेला नसतो. स्वतःचा फसलेला प्रयोग त्याने हत्यार म्हणून वापरला आणि आपल्याला ते आधी दाखवून ठेवलं होतं, त्यामुळे जिंकल्याचा आनंद आपल्यालाही मिळतो, फुकटात दिलाय असं वाटत नाही.

ॲनिमेशनमध्ये तर चित्रांच्या संख्येतूनच हे करता येतं हे २०१८ च्या स्पायडर-मॅन इंटू द स्पायडर-व्हर्सने दाखवलं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं असतात, पण माइल्स, म्हणजे यातला नवा स्पायडर-मॅन, नवशिका असताना त्याची पोज बऱ्याचदा दर दोन फ्रेमला बदलते आणि शेजारी मुरलेला पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो, त्यामुळे माइल्स अडखळतोय हे डोळ्यांना न सांगता कळतं. आणि तो बिल्डिंगवरून उडी मारतो तेव्हा काच फुटते, का, तर बोटं अजून काचेला चिकटलेली आहेत. भीती गेलेली नाहीये, तरी उडी मारलीय. कॉमिकचे ठिपके, चौकटी, अक्षरं सगळं त्या पिक्चरमध्ये आहे आणि सुंदर आहे, पण माझ्या लक्षात राहिली ती काच.

राहता राहिला एक प्रश्न जो हल्ली हमखास येतो, की याच्या आधीचे सगळे बघावे लागतात का. २००८ च्या आयर्न मॅनपासून २०१९ च्या एंडगेमपर्यंत मार्व्हलचे एकमेकांना जोडलेले २२ पिक्चर झाले, त्यामुळे नवीन माणूस दबकतो हे साहजिक आहे. माझं मत, जो पिक्चर आपल्या हिरोची हद्द स्वतःच्या पहिल्या अर्ध्या तासात सांगू शकत नाही आणि त्यासाठी तुम्हाला मागचे दहा बघायला लावतो, तो तुमचा वेळ मागतोय पण स्वतःचं काम करत नाहीये. तुम्ही बिनधास्त रेमीच्या दोन पिक्चरपासून सुरू करा, आधी २००२ चा आणि लगेच २००४ चा, आणि ते आवडले तर मग स्पायडर-व्हर्स. तिन्ही बघून पण नाही आवडलं तर हा प्रकार तुमचा नाही आणि मी परत कधी आग्रह करणार नाही.