हेगमधले चिकटपट्टीचे तुकडे

ॲमस्टरडॅमचे चार दिवस मी इथे लिहीत बसणार नाही. कालवे पाहिले, ट्यूलिपच्या बागेत धक्के खाल्ले, सायकलवाल्यांच्या शिव्या (बहुधा शिव्याच) ऐकल्या. पाचव्या दिवशी भाच्याला म्हटलं, मला हेगला जायचंय.

"न्यायालय बघायला?"

त्याचंही चुकलं नाही. कुलभूषण जाधवांच्या खटल्यापासून आपल्याला हेग म्हणजे तेवढंच माहीत. मी म्हटलं, "नाही रे, मोंद्रियान बघायला, तो डच चित्रकार." तो स्वयंपाकघरात गेला आणि कॉफीचा मग घेऊन आला. पांढऱ्यावर काळ्या रेघा, मध्ये लाल, निळा, पिवळा. "हा घे बघ, मावशी. तिकिटाचे पैसे वाचले."

एकटीच गेले. आगगाडीच्या खिडकीतून पाऊण तास नुसतं हिरवं दिसत होतं, कापून ठेवल्यासारखं सपाट. अशा देशात जन्मलेल्या मोंद्रियानला पुढे हिरवा रंग डोळ्यांसमोर नकोसा झाला होता म्हणे. पॅरिसच्या खोलीत त्याने एक खोटं ट्यूलिप ठेवलं होतं आणि त्याचं पान पांढऱ्या रंगाने रंगवलं होतं. सासुरवाशिणीसारखा हट्ट! हेग स्टेशनवरून ट्राम, आणि उतरल्यावर असा वारा की छत्री उघडायची हिंमत झाली नाही. भिजतच आत शिरले.

कुन्स्टम्युझियमची, म्हणजे हेगच्या कलासंग्रहालयाची, इमारत पिवळट विटांची, बेर्लागे या डच वास्तुविशारदाने आखलेली, 1935 ची. मोंद्रियानची सर्वांत जास्त चित्रं इथेच आहेत, तीनशेच्या आसपास. आधी झाडं लागली. 1908 ते 10 मधलं लाल झाड, निळ्या संध्याकाळीत पेटल्यासारखं. मग 1911 चं करडं झाड, फांद्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, झाड जेमतेम ओळखू येणारं. पुढे झाड संपतं आणि रेघा उरतात. या भागात माझ्यापुढे एक घोळका होता. सगळ्यांची पाठ चित्रांकडे, तोंडं फोनकडे. त्यांचं आटपेपर्यंत बाकावर बसले, गुडघ्यांनाही तेच हवं होतं.

मग 1921 चं मोठ्या लाल चौकोनाचं चित्र. हे मी छापील हजार वेळा पाहिलंय, आणि छपाईने माझी हजार वेळा फसवणूक केली होती. पांढरा रंग एकसारखा नाहीच. एका घरात जरा निळसर, दुसऱ्यात राखाडीकडे झुकलेला, आणि ब्रशचे फटकारे एका घरात आडवे तर शेजारच्या घरात उभे. काळ्यात बारीक भेगा. आणि एक काळी रेघ कडेकडे जाता जाता जरा आधीच थांबते. कडेपर्यंत नेली असती तर चित्र पेटीसारखं बंद झालं असतं. थांबवल्यामुळे ते भिंतीवर सांडल्यासारखं वाटतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. 1984 पासून अकरा वर्षं मी पुण्यात एका छापखान्यात पेस्टिंग करत होते, म्हणजे छपाईआधी मजकुराचे तुकडे चिकटवून पान जुळवायचं काम. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उतरवलेले फोटोचे कागद, कापायची, मागे रबर सोल्यूशन लावायचं, निळ्या पेन्सिलीच्या खुणांवर बसवायची, रोट्रिंगच्या शाईपेनने रेघा ओढायच्या. एका जाहिरातीत मी अर्धं पान कोरं ठेवलं, तर मालक म्हणाले, "जाहिरातदाराने पूर्ण पानाचे पैसे दिलेत बाई, ही जागा काय वाऱ्याला ठेवलीय?" मी तिथे दूरध्वनी क्रमांक मोठा करून टाकला. अजून सलते ती जाहिरात.

त्यामुळे शेवटच्या दालनात 'व्हिक्टरी बूगी वूगी'समोर मी गप्पच झाले. चौरसच, पण टोकावर उभा केलेला, पतंगासारखा. काळी रेघ एकही नाही. लाल, पिवळे, निळे, करडे, पांढरे तुकडे, मुंबईच्या लोकलमधल्या माणसांसारखे खेटून. बाजूंची लांबी सव्वा मीटरच्या वर. जवळ गेले आणि हसूच आलं. त्यात रंगीत चिकटपट्टीचे आणि कागदाचे तुकडे तसेच आहेत! कडा जुळत नाहीत, एकावर एक चढलेत, कुठे रंग आणि कुठे कागद ते नाक लावल्याशिवाय कळत नाही. म्हणजे हा माणूसही आधी तुकडा चिकटवायचा, मागे सरकून बघायचा, उचलायचा, बोटभर सरकवायचा. महायुद्धातून पळून 1940 मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला, तिथल्या जॅझवर, त्यातल्या बूगी वूगीवर खूश झाला, आणि विजयाची वाट बघत हे चित्र 1942 मध्ये हाती घेतलं. 1944 च्या जानेवारीत, जवळजवळ झालेल्या चित्रावर त्याने पुन्हा पट्ट्या चिकटवायला घेतल्या. मग न्यूमोनिया, आणि 1 फेब्रुवारीला वयाच्या 71 व्या वर्षी गेला. पट्ट्या तशाच राहिल्या. 1998 मध्ये डच लोकांनी हे 8 कोटी गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) घेतलं तेव्हा देशात बोंबाबोंब झाली होती. अर्धवट चित्राला एवढे पैसे? मला विचाराल तर अर्धवटाचेच.

एका पिवळ्या तुकड्याकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. आमच्या छापखान्यात असा वाकडा तुकडा दिसला असता तर नखाने उचलून मी सरळ केला असता. हात नकळत वर आला होता. कोपऱ्यातल्या पहारेकरी बाई खुर्चीवरून उठल्या, मी हात पाठीमागे बांधले, त्या पुन्हा बसल्या. असं दोनदा झालं.

परतीची गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा भाच्याने चहा टाकला होता, त्याच मगात. फिरवून बघितला. काळी रेघ थेट कानाखाली घुसली होती आणि पलीकडून पुन्हा बाहेर निघाली होती, कुठे थांबायचं नावच नाही.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"मगवर पांढरा एकच आहे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. चहा छान झाला होता, आलं घातलेलं.