तुम्ही विचारलंत म्हणून: काडेपेटीतली मॅच आणि मैदानावरची मॅच

मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो. काडेपेटीतली काडी म्हणजे मॅच, खेळाचा सामना म्हणजे मॅच, रंगाला रंग जुळला तरी मॅच आणि स्थळ जमलं तरी मॅच. एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून, आणि ते लक्षात ठेवायचे कसे? विचारणारे पुष्कळदा उत्तरही सोबत आणतात: काडी पेटीवर घासावी लागते, सामन्यात दोन संघ एकमेकांना घासतात, म्हणून दोन्हींना एकच नाव पडलं असणार. कल्पना छान आहे, पण इतिहास तिला दुजोरा देत नाही. हे दोन निरनिराळे शब्द आहेत. त्यांची कुळं वेगळी, ते इंग्रजीत आले वेगवेगळ्या वाटांनी, आणि उच्चार झिजता झिजता दोघांचं रूप एक झालं.

आधी काडीची गोष्ट, कारण ती जास्त लांबची आहे. या मॅचचा मूळ अर्थ वात. दिव्याच्या किंवा मेणबत्तीच्या वातीला फ्रेंचमध्ये 'मेश' म्हणतात. त्याचं जुनं रूप चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं तेव्हा त्याचा अर्थ वात एवढाच होता. मग तोफा आणि बंदुका आल्या. दारूला बत्ती द्यायला सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी वापरत. ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते. तीही एक प्रकारची वातच, म्हणून तिलाही मॅच म्हणू लागले. इंग्रजीतली 'मॅचलॉक' म्हणजे आपली तोड्याची बंदूक, आणि तोडा म्हणजे हीच धुमसती दोरी. पुढे टोकाला गंधक लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या आल्या आणि नाव त्यांच्याकडे गेलं. या काड्या घासून पेटत नसत. चकमक झाडून आधी ठिणगी पाडायची, ती जळक्या चिंधीवर धरायची आणि त्या विस्तवावर काडी टेकवायची. म्हणजे काडीचं काम वातीचंच होतं: आग एका जागेवरून दुसरीकडे न्यायची.

घासून पेटणारी काडी आली 1826 मध्ये. इंग्लंडमधल्या स्टॉक्टन-ऑन-टीज गावातले औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी ती शोधली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये विकायला काढली. तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. इतरांनी तशाच काड्या बनवून 'ल्युसिफर' नावाने विकल्या. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ उजेड आणणारा. डच भाषेत काडीला आजही ल्युसिफरच म्हणतात. इंग्रजीत मात्र ते नाव मागे पडलं आणि वातीचं जुनं नावच टिकलं. या साऱ्या प्रवासात घासण्याचा भाग शेवटी आला, नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणून घासाघाशीचं ते स्पष्टीकरण टिकत नाही.

दुसरी मॅच अस्सल इंग्रजी मातीतली. जुन्या इंग्रजीत तिचं रूप साधारण 'येमॅच्चा' असं होतं. अर्थ: जोडीतला एक, बरोबरीचा, सोबती. नवऱ्यालाही तोच शब्द आणि बायकोलाही. सुरुवातीचं 'ये' म्हणजे 'सह', ते काळाच्या ओघात गळून गेलं. 'मेक' म्हणजे बनवणं हे क्रियापद याच कुळातलं मानतात, आणि त्या कुळाच्या मुळाशी नीट बसवणं, जुळवणं हा भाव आहे.

एकदा 'जोड' हा अर्थ हाती आला की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात, आणि मला या शब्दात सर्वात जास्त आनंद इथेच मिळतो. जोडीतला तो बरोबरीचा. लढाईत बरोबरीचा म्हणजे तोडीस तोड प्रतिस्पर्धी. अशा दोघांची गाठ पडली की तो सामना, आणि हा अर्थ सोळाव्या शतकात रुजला. जोडी जमवणारा तो मॅचमेकर. जिला जोड नाही ती मॅचलेस, म्हणजे अजोड. अवयव बदलताना दात्याचा आणि रुग्णाचा ऊतकप्रकार जुळतो का ते पाहतात, तेही मॅच. संगणक तुम्ही टाकलेला शब्द साठवलेल्या शब्दाशी ताडून पाहतो, तेही मॅच. हजार वर्षांत वापर एवढा पसरला तरी मधला धागा तुटलेला नाही.

दोन शब्द वेगळे असल्याचा पुरावा हवा असेल तर फ्रेंचकडे पाहा. वातीचा 'मेश' त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. खेळाच्या सामन्यासाठी त्यांनी इंग्रजीतून 'मॅच' उसना घेतला. आज फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द सुखाने नांदतात. रूप वेगळं आणि लिंगही वेगळं, वात स्त्रीलिंगी आणि सामना पुल्लिंगी. इंग्रजीने नामांचं लिंग केव्हाच सोडून दिलं, त्यामुळे तिथे ती खूणही उरली नाही.

मग इंग्रज माणसाचा गोंधळ होत नाही का? होत नाही, कारण या दोन मॅच एका जागी येतच नाहीत. काडी मागताना सामन्याचा विषय निघत नाही. जिथे असे दोन शब्द एकाच अंगणात येतात तिथे मात्र भाषा हात घालते. याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण ज्यूल जिलिएरों या भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं. फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी भागात उच्चार बदलत गेले आणि लॅटिनमधला कोंबडा व लॅटिनमधलं मांजर या दोघांचंही रूप 'गात' झालं. शेतकऱ्याच्या घरी दोन्ही प्राणी. 'गात मेला' म्हटलं तर नक्की काय मेलं? लोकांनी कोंबड्याचं जुनं नाव सोडलं आणि त्याला फेझंट पक्ष्याचं नाव दिलं. नकाशावर पाहिलं तर कोंबड्याचं नाव बरोबर त्याच भागात बदललेलं दिसतं जिथे हा घोटाळा झाला होता. भाषा कुणी बसून आखत नाही, तरी ती अशी सावरली जाते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणि हे सगळं आपल्याला परकं नाही. मी वर वात म्हटलं, तो शब्दच घ्या. दिव्याची वात संस्कृत 'वर्ति'वरून आली, तर पित्त आणि कफ यांच्या जोडीचा वात हा संस्कृत 'वात' म्हणजे वारा. ती वात आणि तो वात. तसंच काम. रोज करतो ते काम 'कर्म'वरून झिजत आलेलं, आणि षड्रिपूंतला तो काम संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. कर्माचं कम्म झालं, कम्माचं काम झालं आणि दोघांची गाठ पडली. आपल्याकडे लिंगाने त्यांना वेगळं ठेवलं.

लक्षात ठेवायचं कसं, तर चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. काही शब्द दोनदा, तीनदा स्वतंत्र नोंदींत येतात आणि प्रत्येक नोंदीच्या मथळ्याशी बारीक आकडा असतो. पुष्कळ कोशांत तो आकडा म्हणजे वेगळं कूळ, काहींत मात्र नाम आणि क्रियापद वेगळं दाखवायलाही तो वापरतात. एका नोंदीखालचे क्रमांक दिलेले अर्थ एकमेकांचे नातलग, त्यांचा मूळ अर्थ एकदा समजला की पुरे. मॅचच्या बाबतीत वात आणि जोड हे दोनच अर्थ धरून ठेवा. मॅचबॉक्स, मॅचस्टिक, मॅचलॉक पहिल्याकडे जातील, मॅचिंग, मॅचलेस, मॅचमेकर दुसऱ्याकडे.

यावर पुढचा प्रश्न बहुधा बँकेचा असतो. नदीकाठची बँक आणि पैशांची बँक यांच्याही शब्दकोशात दोन वेगळ्या नोंदी असतात. पण तिथे आणखी मागे गेलं की दोन्ही एकाच जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळातल्या, मुळाशी पोचतात. एक शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला, उंचवटा या अर्थाने. दुसरा इटलीतून आला, सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत त्या बाकाच्या नावावरून.