भर उन्हातला अंगठा

गडचिरोली जिल्ह्यातील काही गावांत मी बँक मित्र म्हणून काम करतो. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा घेऊन एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रोकड देणे, हे त्यातले मुख्य काम. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात गर्दी वाढते आणि नेटवर्क पाराजवळच मिळत असल्याने ४४ अंशांच्या उन्हातही मशीन उघड्यावरच मांडावे लागते.

ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने ठसा टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये काचेला टेकलेल्या बोटाच्या रेषा गडद आणि त्यांमधल्या फटी उजळ उमटतात. कातडी कोरडी पडली की रेषा तुटक, ठिपक्याठिपक्यांनी दिसतात; घाम आला की फटी भरून नुसता काळा डाग येतो. कडेने ऊन शिरले तर चित्र पांढरे पडते, नाहीतर आधीच्या माणसाचा तेलकट ठसा वर येतो. म्हणून मी दर वेळी काच सुती कापडाने पुसतो, वर पुठ्ठ्याचा आडोसा धरतो आणि बोट कोरडे असल्यास कपाळावरून फिरवायला सांगतो. प्रशिक्षणात मात्र 'यंत्र सावलीत वापरावे' एवढ्यावरच आमची बोळवण झाली होती.

त्या दुपारी आलेल्या आजींच्या अंगठ्याला उभी चीर होती आणि तर्जनीचे पेर घासून गुळगुळीत झाले होते. दहाही बोटे टेकवून झाली. प्रत्येक वेळी त्रुटी ३००, म्हणजे ठसा जुळत नाही. रांगेतला एकजण मोठ्याने म्हणाला, कार्ड दुसऱ्याचे असेल. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोटं तं माहीच हायेत ना जी."

मला राग आहे तो या ३०० चा. बोट परक्याचे असो की ठसा नीट उमटलेला नसो, उत्तर एकच येते. ठशाचा दर्जा स्कॅनर स्वतः मोजतो, तरी पावतीवर त्याचा उल्लेख नसतो, आणि चारचौघांत संशय येतो तो माणसावर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात त्यांची अनामिका पहिल्याच खेपेला जुळली. पण पाने तोडायची वेळही तीच असते. स्वतःच्याच खात्यातले पैसे काढण्यासाठी त्यांची सकाळची तोडणी बुडाली. आधारशी मोबाईल जोडलेला नसल्याने ओटीपीचा मार्ग त्यांना बंदच होता. हंगामापुरते तरी बुबुळांचे स्कॅनर द्यावेत आणि पावतीवर 'ठसा अस्पष्ट' असे वेगळे छापावे, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले आहे.