कोलन दाबला की ‘छ’ उमटतो

माउसला हात न लावता चालवायचे ब्राउझर मराठीत काम करणाऱ्याला आवडत नाहीत, असं नाही. ते पहिल्या दहा मिनिटांत अडतात, एवढंच. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण मांडणीवर असतो. ‘एफ’ दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर अक्षरांची चिठ्ठी दिसायला हवी, पण त्या बटणावर ऱ्हस्व वेलांटी आहे, म्हणून काहीच होत नाही. खाली सरकायचा ‘जे’ म्हणजे र, वर सरकायचा ‘के’ म्हणजे क, पत्ता उघडायचा ‘ओ’ म्हणजे द. शोधाची तिरपी रेघ य झालेली असते. ज्या कोलनने आज्ञा द्यायच्या, त्याच्या जागी छ.

यावर उपाय आहे. तो किती नीट बसतो हे मात्र ब्राउझरवर अवलंबून आहे.

क्रोम किंवा फायरफॉक्स सोडायचा नसेल तर काम सोपं. क्रोमवर व्हिमियम हे एक्स्टेन्शन टाका, त्याच्या सेटिंगमध्ये प्रगत पर्याय उघडा आणि कीबोर्डचा लेआउट दुर्लक्षित करण्याची खूण करा. फायरफॉक्सवर ट्रायडॅक्टिल असेल तर ‘कीबोर्डलेआउटफोर्स’ ही सेटिंग ‘ट्रू’ करा. मग बटणावर कुठलंही अक्षर असो, त्याची जागा पाहिली जाते. पण एक्स्टेन्शन शेवटी दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला, जुन्या पद्धतीची सगळी अ‍ॅड-ऑन बंद झाली आणि व्हिम्परेटर, पेंटाडॅक्टिल यांच्यावर वर्षानुवर्षं रचलेल्या सेटिंग वाया गेल्या. आजही व्हिमियम क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग-पानांवर चालत नाही. तिथे ‘जे’ दाबून काही हलत नाही, तेव्हा बिघाड शोधत बसू नका.

पूर्ण ब्राउझरच आपल्या हातचा हवा असेल तर तीन नावं: क्यूटब्राउझर, निक्स्ट आणि लुआकिट. निक्स्ट कॉमन लिस्पमध्ये आहे आणि त्यात आतलं जवळजवळ सगळं बदलता येतं. लुआकिट लुआवर चालतो. क्यूटब्राउझर फ्लोरियान ब्रूहिन यांनी २०१३ मध्ये सुरू केला. तो पायथनमध्ये आहे आणि पानं दाखवण्याचं काम क्रोमियमवर आधारलेलं क्यूटी वेबइंजिन करतं. सत्ता निक्स्टमध्ये जास्त, पण लिस्प वाचणारा माणूस गावात सापडायला हवा. पायथनवाला इथे गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावर उभं राहिलं तरी भेटेल. म्हणून पुढचं सगळं क्यूटब्राउझरबद्दल. (आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, फायलीत ती रोमनमध्येच टाइप करायची.)

बसवतानाच एक सावधगिरी. डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत क्यूटी वेबइंजिनला सुरक्षा-दुरुस्त्यांची हमी नाही. तिथे भांडारातलं पॅकेज घेण्यापेक्षा गिटवरून कोड उतरवून ‘एमकेव्हेन्व्ह’ ही स्क्रिप्ट चालवा, म्हणजे वेगळ्या पायथन वातावरणात नवं इंजिन बसतं. त्याची किंमत अशी, की त्या इंजिनात एच.२६४ चा कोडेक नसतो, त्यामुळे काही साइटवरचे व्हिडिओ काळे राहतात. बँक आणि मेल याच ब्राउझरवर असेल तर व्हिडिओ गेलेले परवडले.

सेटिंगची फाइल म्हणजे ‘कॉन्फिग डॉट पाय’, घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’खाली क्यूटब्राउझरच्या फोल्डरात. ती कोरी लिहायला घेतली तर ‘कॉन्फिग डॉट लोड-ऑटोकॉन्फिग’ची ओळ विसरू नका, कंसात ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ घालून. ती नसली तर सुरू होतानाच चूक दाखवणारी खिडकी येते.

आता छ आणि र. ‘बाइंडिंग्ज डॉट की-मॅपिंग्ज’ हा पायथनचा साधा डिक्शनरी आहे: डावीकडे आलेलं अक्षर, उजवीकडे ते कोणतं समजायचं. र ला ‘जे’, क ला ‘के’, द ला ‘ओ’, ध ला मोठा ‘ओ’, य ला तिरपी रेघ, छ ला कोलन. वेलांटीसारख्या खुणा वेबवरच्या तक्त्यातून कॉपी केल्या तर सोबत टिंबांचं वर्तुळ चिकटून येऊ शकतं. मग डावीकडे दोन अक्षरं होतात आणि ती कधीच जुळत नाहीत. त्यापेक्षा ‘सीएचआर’ फंक्शनला कोड पॉइंट द्या. ऱ्हस्व वेलांटीचा यू+०९३एफ.

पण हा तक्ता पूर्ण भरायचा म्हणजे शिफ्टसकट पन्नासेक ओळी. रोजच्या कामाला दुसरा मार्ग बरा: ब्राउझर इंग्रजीवरच ठेवायचा आणि मराठी फक्त रकान्यात लिहिताना चालू करायची. एफसीआयटीएक्स ५ या कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिला कीबोर्ड इंग्रजी, दुसरा मराठी इनस्क्रिप्ट ठेवा. मग इन्सर्ट मोडमधल्या (रकान्यात लिहितानाच्या अवस्थेतल्या) एस्केपला दोन आज्ञा जोडा, मध्ये दोन अर्धविराम: आधी ‘मोड-लीव्ह’, नंतर ‘स्पॉन’ आणि त्यापुढे ‘एफसीआयटीएक्स५-रिमोट’ला ‘-सी’ हा पर्याय. रकान्यातून एस्केपने बाहेर पडलात की कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर. आत शिरताना मराठी आपोआप चालू करणारी ओळ मुद्दाम घालू नका. अर्जात नाव मराठीत आणि ईमेल रोमनमध्ये असतो, तेव्हा ती ओळ उलट डोकेदुखी होते. एक भोक उरतं: रकान्याबाहेर माउसने क्लिक केलं तर इन्सर्ट मोड एस्केपविना सुटतो, ती आज्ञा चालत नाही आणि पुन्हा छ.

असा ब्राउझर सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो मामलेदार कचेरीच्या आसपास दिवसभर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्यांना. ‘जी’ आणि ‘आय’ लागोपाठ दाबले की पानावरचा पहिला रकाना पकडला जातो, पुढच्या रकान्यांना टॅबचं बटण. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यासारख्या कामात तालुका, गाव, सर्व्हे नंबर, सब-डिव्हिजन ही तीच पायरी पुन्हा पुन्हा येते. कधी एखाद्या यादीवर चिठ्ठीच येत नाही. कारण ती खरी निवड-यादी नसून साध्या चौकटीवर जावास्क्रिप्टने क्लिक बसवलेलं असतं आणि क्यूटब्राउझर क्लिक ओळखतो ते टॅग आणि अ‍ॅट्रिब्यूट पाहून. ‘हिंट्स डॉट सिलेक्टर्स’मधल्या ‘ऑल’च्या यादीत त्या चौकटीचा क्लास जोडला की चिठ्ठी येते. चिठ्ठ्यांसाठी मुळात नऊ अक्षरं असतात, म्हणजे दोन अक्षरी चिठ्ठ्या जास्तीत जास्त ८१. त्याहून गच्च पानावर तीन अक्षरं टाइप करावी लागतात, म्हणून ‘हिंट्स डॉट कॅर्स’मध्ये आणखी चार-पाच अक्षरं घाला. १४ केलीत तर १९६.

नवख्याचे दोन अपघात ठरलेले. पहिला: रकाना पकडला नसताना ‘दीपा’ रोमनमध्ये टाइप करायला जाणं. ‘डी’ टॅब बंद करतो. ‘यू’ तो परत आणतो, पण अर्धा भरलेला अर्ज परत येईलच असं नाही. ‘डी’ ऐवजी ‘डी-डी’ हवं असेल तर आधी ‘डी’ची जोडणी काढा; ती राहिली तर पहिल्याच ‘डी’ला टॅब जातो, दुसऱ्याची वाट कोणी पाहत नाही. दुसरा: पेस्ट करायला कंट्रोल-व्ही. रकान्याच्या आत ते पेस्टच आहे, बाहेर मात्र पास-थ्रू मोड सुरू होतो आणि मग प्रत्येक बटण सरळ पानाकडे जातं. ब्राउझर गोठल्यासारखा वाटतो. शिफ्ट-एस्केप दाबा.

प्रोग्रामिंगचा खरा फायदा छोट्या यूजरस्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून चालवायच्या आपल्या स्क्रिप्टमध्ये. मराठी कागदावर सर्व्हे नंबर १२३/४ असा देवनागरीत, अर्जाला रोमन आकडे हवेत. स्क्रिप्ट दहा ओळींची: ‘क्यूट-सिलेक्टेड-टेक्स्ट’ या व्हेरिएबलमधून निवडलेला मजकूर घ्यायचा, पायथनच्या ‘मेकट्रान्स’ने आकडे बदलायचे आणि ‘क्यूट-फिफो’ या पाइपमध्ये ‘यँक इनलाइन’ व पुढे बदललेला मजकूर अशी आज्ञा लिहायची. ती क्लिपबोर्डवर ठेवते. पायथनचा ‘इन्ट’ देवनागरी आकडे स्वतःच वाचतो, हे गंमतीचं, पण तिरप्या रेघेवर तो अडतो, म्हणून इथे नको. फायलीला चालवण्याची परवानगी द्यायची, नाहीतर ती सुरूच होत नाही. काम मागे ढकलून स्क्रिप्ट लगेच संपली तर पाइपही जातो आणि आज्ञा पोहोचत नाही. जोडणी कॅरेट मोडमध्ये (कीबोर्डने मजकूर निवडायच्या अवस्थेत) करा, म्हणजे ‘व्ही’ने आकडा निवडून तिथूनच चालवता येतं.

शोधाचे छोटे शब्द देवनागरीतही ठेवता येतात: ‘मवि’ मराठी विकिपीडियाला, ‘को’ कोकणीला. मराठी पानाचा पत्ता कुणाला पाठवायचा तर ‘वाय-वाय’ नको. त्यात प्रत्येक देवनागरी खुणेची नऊ अक्षरं होतात आणि ‘फोंडा’ या पाच खुणांच्या शब्दाची ४५. ‘वाय-पी’ने वाचता येणारा पत्ता मिळतो.

जूनमध्ये वीज जायला लागण्याआधी ‘ऑटो-सेव्ह डॉट सेशन’ चालू करून ठेवा. मुळात ते बंद असतं. जोडीला ‘सेशन डॉट लेझी-रिस्टोर’, म्हणजे वीज आल्यावर तीस टॅब एकदम नेट खात नाहीत, ज्यावर जाल तेवढाच उघडतो. आणि फायलीत काही बदलल्यावर ब्राउझर विचित्र वागू लागला, तर तो ‘टेम्प-बेसडिर’ पर्यायाने कोरा सुरू करून पाहा. कोऱ्यात दोष दिसला नाही तर तो तुमच्या फायलीत आहे. अर्ध्या फायलीच्या ओळींपुढे # लावून त्या बंद करा आणि पुन्हा सुरू करा, मग उरलेल्याची अर्धी.