उचलून नेता येईल अशी वीज

“किती पंखे, किती ट्यूब?” इन्व्हर्टरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच येतो. मी उलट विचारलं, “वजन किती?” दुकानदार जरा थांबले. दीडशे एएच क्षमतेची, इन्व्हर्टरला लावतात ती ट्यूब्युलर बॅटरी पाणी-ॲसिडसकट साठ किलोंच्या घरात जाते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “पण ताई, एकदा बसवली की ती हलवायची कशाला?”

आमचं घर सांगलीत, गावभागात आहे. आम्हाला हलवावी लागते.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आदल्या रात्री आम्ही धान्य, गाद्या, कागदपत्रं आणि देव माडीवर नेले. इन्व्हर्टर आणि बॅटरी जिन्याखालीच राहिली, कारण आमच्या अरुंद जिन्यातनं ती दोघांनाही चढवता येईना. सकाळी खाली छातीएवढं पाणी होतं. लाईट आधीच बंद झालेली. पाण्यात तारा-खांब असताना ती बंद करावीच लागते, त्यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नाही. पण सासूबाईंना दमा आहे. वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, त्यांना पावसाळ्यात दिवसातनं तीन-चारदा लागतं आणि ते घरच्या २३० व्होल्टवर चालतं. माडीवर मशीन होतं, औषधाच्या कुप्या होत्या, वीज नव्हती. दोन रात्री त्यांनी खिडकीच्या कठड्याला धरून, बसून काढल्या. आडवं झालं की श्वास पुरेना. मी पाठीवरनं हात फिरवत बसले, दुसरं काहीच करता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी बोट आली आणि आम्ही त्यांना विश्रामबागला नणंदेकडे पोचवलं.

२०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा आम्ही वेळेत निघालो होतो. डॉक्टरांनी मधल्या काळात स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची नळी, लावून दम्याचा पंप (इन्हेलर) कसा घ्यायचा ते आईंना नीट शिकवलं. तो आता कायम उशाशी असतो आणि विजेशिवायचा पहिला आधार तोच. तरी मशीन चालतं ठेवायचंच, हे माझ्या मनात पक्कं होतं. पोर्टेबल पॉवर स्टेशन नावाची वस्तू असते, बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात, हे मला भाच्याकडून कळलं. तो वालचंद कॉलेजला इलेक्ट्रिकल करतो.

आमच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, ७८ हजारांचं अनुदानही मिळालं. मला वाटलं होतं, आपणही तेच करावं, म्हणजे पुरात चिंता नाही. पण तसं नसतं. बॅटरी नसलेलं हे सोलर बाहेरच्या लाइनला जोडलेलं असतं आणि लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. बिलासाठी ते उत्तम आहे, अंधारासाठी नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि शेजाऱ्यांनाही पहिल्यांदा लाईट गेली तेव्हाच कळलं.

मग भाचा म्हणाला, “मामी, आधी मोजा. मग बघू.” त्याने प्लगमध्ये बसणारं छोटं वॅटमीटर आणून दिलं. मशीनच्या मागच्या लेबलवरून हिशेब केला तर १८० च्या आसपास येत होतं, मीटरवर चालू असताना ११० वॅट दिसले. एका वेळेला बारा मिनिटं, दिवसाला चार वेळा, म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. वॅटला तासांनी गुणलं की एका दिवसाला ८८ वॅट-तास. दोन छोटे एलईडी दिवे सहा तास, ६० वॅट-तास. चार फोन, ६०-७०. माझी बेरीज २१०-२२० वर थांबली. मोजण्याआधी माझ्या मनात फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळंच होतं. एक एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. लहान पॉवर स्टेशन तिथे लगेच ट्रिप होणार. मोटर यादीतनं काढली आणि पाणी चढायला लागलं की वरची टाकी आधी भरून घ्यायची, हे त्याऐवजी लिहून ठेवलं. फ्रिजही काढला.

बिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. मी शेवटी जे घेतलं त्यात ५१२ वॅट-तास मावतात, म्हणजे जेमतेम अर्धं युनिट. त्याला हजारो रुपये मोजायचे हे ह्यांना पटेना. “अर्ध्या युनिटाला एवढे पैसे?” असं दोन-तीनदा म्हणून झालं. मी वहीतला आकडा दाखवला. अर्ध्या युनिटात आईंचं मशीन चार दिवस चालतं. मग ते काही बोलले नाहीत.

जाहिराती वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ एमएएच (मिलिअँपिअर-तास) या मापाने केला. “१,४०,००० एमएएच” असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण नुसत्या एमएएचला अर्थ नाही, आतल्या सेलच्या व्होल्टने गुणायला आणि हजाराने भागायला लागतं. ३.७ व्होल्टचे सेल असतील तर १,४०,००० एमएएच म्हणजे ५१८ वॅट-तास, आणि ३.२ व्होल्टचे असतील तर ४४८. आकडा तोच, वीज वेगळी. एका विक्रेत्याला फोनवर तीनदा विचारूनही वॅट-तास किती ते सांगता आलं नाही. मी तो नाद सोडला. शिवाय डब्यावर लिहिलेलं सगळं हातात येत नाही. बॅटरीची वीज २३० व्होल्टची करताना काही उष्णतेत जाते. शंभरातले पंच्याऐंशी मिळतील असं धरून चालायचं.

३.२ व्होल्टचे सेल म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात एलएफपी म्हणतात. तेवढ्याच विजेसाठी ही बॅटरी थोडी जड असते, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज करूनही बरीच ताकद राखते आणि तापून पेट घेण्याचा धोका दुसऱ्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा कमी. आमचं यंत्र वर्षातले दहा महिने नुसतं ठेवलेलं असणार. माणसं झोपतात त्या माडीवर ठेवायचं, म्हणून मी एलएफपीवर अडून बसले.

दुसरा हट्ट प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारख्या गुळगुळीत लाटेच्या विजेचा. आमच्या बुडालेल्या इन्व्हर्टरवर टेबलफॅन घूं घूं करायचा, कारण त्याची वीज चौकोनी लाटेची होती. पंख्याचं ठीक, पण नेब्युलायझरच्या आत मोटरवर चालणारा हवेचा पंप असतो. तशा विजेवर तो तापतो, गुरगुरतो आणि त्याचा जोरही कमी पडतो. औषधाचं मशीन त्यावर लावायचं नाही.

पुरात हे यंत्र चार्ज करायच्या सोलर पॅनेलचं मात्र सोपं वाटलं होतं आणि तेच सगळ्यात अवघड निघालं.

घडीचं, कापडी पिशवीसारखं १०० वॅटचं पॅनेल दिसायला छान आणि वजनाला चार-पाच किलो. काचेचं, ॲल्युमिनियम चौकटीचं १०० वॅटचं पॅनेल सात-आठ किलो, पण किंमत जवळजवळ तिसरा हिस्सा. आमच्याकडे उचलून पळायचं ते पॉवर स्टेशन आणि औषधं. पॅनेल गच्चीवरच राहणार, तिथे पाणी पोचलेलं नाही. म्हणून काचेचं घेतलं. एका दुकानात मोठं ५४० वॅटचं पॅनेल स्वस्तात देतो म्हणाले. भाच्याने तिथेच थांबवलं. पॉवर स्टेशनच्या सोलर इनपुटवर १२ ते २८ व्होल्ट लिहिलेलं होतं. १०० वॅटचं लहान पॅनेल कशालाही न जोडता उन्हात ठेवलं तर २२ व्होल्टपर्यंत जातं, म्हणजे चालतं. घरांवर बसवतात तसल्या मोठ्या पॅनेलचे व्होल्ट ५० च्या जवळ जातात. ते लावलं असतं तर पहिल्याच दिवशी इनपुट जळालं असतं आणि वॉरंटीही मिळाली नसती. लहान दोन पॅनेलं एकामागे एक जोडली तरी ४४ होतात, तीच गत. वॅट जास्त म्हणजे बरं, असं मी समजत होते. आधी व्होल्ट बघायचे हे आता कुणी विचारलं तर पहिल्यांदा सांगते.

मग केबल. पॅनेलला एमसी-फोर कनेक्टर, पॉवर स्टेशनला गोल पिन, मधली केबल वेगळी मागवावी लागली. ती आली, दिसायला अगदी बरोबर. जोडणारच होते, पण गल्लीतले वायरमन काका दुसऱ्या कामासाठी आले होते, ते म्हणाले, “वहिनी, जरा थांबा, मीटर लावून बघू.” मल्टिमीटरवर आकड्याच्या आधी वजा आला. केबलमध्ये प्लस-मायनस उलटं होतं. विक्रेत्याने बदलून दिली, पण आठवडा गेला. काकांचं ते एक मिनिट मला फार मोलाचं वाटतं.

पॅनेल कुठे तोंड करून ठेवायचं यावर घरात वाद झाला. सगळीकडे सांगतात, दक्षिणेकडे तिरकं ठेवा. वर्षभरासाठी ते बरोबर आहे. पण सांगली साधारण १७ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर असतो, शून्य सावलीचे ते दिवस. मधल्या काळात तर तो थोडा उत्तरेकडे कललेला असतो. आमच्या कामाचे दिवस जुलै-ऑगस्टचे. म्हणून पॅनेल जवळजवळ आडवं ठेवलं, पाणी निथळण्यापुरता उतार देऊन. जिन्याच्या टोपीची सावली सकाळी दहापर्यंत गच्चीच्या एका बाजूला पडते. पॅनेलचा एक कोपरा जरी त्या सावलीत आला तरी वॅट निम्म्याच्या खाली जायचे. जागा ठरवायला दोन दिवस खडूने सावलीच्या रेघा मारल्या.

आता आकडे. मे महिन्यात स्वच्छ उन्हात, दुपारी बाराला, १०० वॅटच्या पॅनेलमधनं ७२ ते ७६ वॅट आले. पॅनेल तापलं की उतरतं, उन्हाळ्यात पूर्ण शंभर दिसत नाहीत. जुलैत दाट ढगात ९, १४, कधी २२. रिपरिप चालू असेल तर दिवसभरात ४० वॅट-तासही जमेनात, नुसतं ढगाळ असेल तर ९० पर्यंत. हे बघून मी पहिल्यांदा हिरमुसले. मग २०१९ आठवलं. इथला पाऊस उघडला होता, ऊनही पडायला लागलं होतं, आणि पाणी मात्र जागचं हलत नव्हतं, कारण वर कोयनेतनं विसर्ग चालू होता. उन्हाची अशी एक दुपार मिळाली तरी आईंच्या मशीनची दोन-तीन दिवसांची बेगमी होते. आणि अगदी रिपरिपीच्या दिवशीही मशीनच्या एक-दोन वेळा निघतात. खिडकीशी बसलेल्या माणसाला ते पुष्कळ आहे.

एका रविवारी, पूर आलाय असं धरून, मी मेन स्विच खाली पाडला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वर केला नाही. आईंना आधी सांगितलं होतं. पहिल्या रात्री यंत्र ८१ टक्क्यांवर ठेवून झोपले, सकाळी बघते तर ६४. रात्रभर काहीच लावलेलं नव्हतं. भाच्याला फोन केला तर त्याने विचारलं, “एसीचं बटण चालू होतं का?” होतं. एसी म्हणजे यंत्राचा २३० व्होल्टचा भाग, तो चालू राहिला की काही न जोडताही तासाला दहा-अकरा वॅट-तास स्वतःच खातो. रात्रीच्या आठ तासांत आईंचं दिवसभराचं मशीन तसंच गेलं. तेव्हापासून नियम केला: मशीन झालं की एसी बंद. दिवे आणि फोन यूएसबीवर, त्यासाठी पाच व्होल्टचे यूएसबी दिवे आणले. पुढच्या रविवारी परत केलं. चार वेळा मशीन, दोन दिवे, चार फोन मिळून चोवीस तासांत ४५ टक्के गेले. पॅनेलशिवाय दोन दिवस, काटकसरीने आणखी थोडं.

सगळं मिळून खर्च ४६ हजारांच्या आसपास झाला. वॉरंटीचं काम सांगलीत होत नाही, पुण्याला पाठवावं लागतं. लिथियमचं पार्सल सगळे कुरिअरवाले घेत नाहीत, हे घेण्याआधी विचारून ठेवलं. ज्यांना फक्त रोजच्या दोन तासांच्या भारनियमनाची सोय हवी आणि ज्यांच्या दारात नदी येत नाही, त्यांनी त्या दुकानदारांची ट्यूब्युलर बॅटरीच घ्यावी. त्याच पैशात तिप्पट वीज साठते.

यंत्र साडेसहा किलोंचं आहे, भरलेल्या घागरीहून हलकं. आईंच्या औषधांच्या डब्याशेजारी, माडीवर, झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत असतं. ते पाण्यात चालत नाही, म्हणून बोटीत न्यायचं तर पेटीसकट. चालवताना मात्र बाहेर काढायचं, त्याला हवा लागते. एरवी ६० टक्क्यांवर ठेवते आणि दर तीन महिन्यांनी बघते. आयर्विनची पातळी ३० फुटांवर गेली की शंभर टक्के चार्ज करायचं, दीड-दोन तास लागतात, हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. पॅनेल वाऱ्याने उडू नये म्हणून सध्या चार विटांच्या आधाराने आणि नायलॉनच्या दोरीने बांधलंय. पुढच्या पावसाच्या आत वायरमन काकांकडून कठड्याला लोखंडी पट्ट्या मारून घ्यायच्या आहेत.