दोन भंगार बॉक्समधून एक चालता गिअरबॉक्स

आज दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अमेरिकी लष्करी ट्रकचा पाच गिअरचा बॉक्स जुळवला, भंगारातल्या दोन बॉक्सचे भाग काढून. गिअर सुटा कधीच उचलू नये. एकमेकांवर घासून बसलेली जोडी सोबतच घ्या, नाहीतर लोड आला की ओरडतो. चालू गाडीत गिअर निसटत असेल तर सगळे जण गिअरचे दात बघतात. शिफ्ट फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) झीज आणि डिटेंट स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग) कुणी बघत नाही, आणि दोष बहुधा तिथेच! बेअरिंग सोपं: कोरलेला नंबर बघून नवीनच घाला. बेअरिंग कॅपचं (बेअरिंगवरच्या झाकणाचं) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ पट्टी, मूळ जाडीचंच कापा. जाड झालं तर शाफ्ट पुढेमागे सरकतो, पातळ झालं तर बेअरिंग आवळतं. पितळी बुशच्या (शाफ्टभोवतीच्या नळीच्या) जुन्या बॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल शक्यतो नकोच, त्यातलं गंधक पितळ खाऊ शकतं.