प्लॅन तोच, नेट सुधारलं: घर आणि ऑफिसच्या जोडणीची नोंद

२०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० वर न्यायचा, अशी चर्चा पावसाळ्यापासून घरात चालू होती. आता तो विषय बंद. प्लॅन तोच, बिल तेच, आणि संध्याकाळी वरच्या खोलीतला माझा व्हिडिओ कॉल, खालच्या टीव्हीवरची मॅच आणि आईच्या फोनमधून चाललेला फोटोंचा बॅकअप ही तिन्ही कामं एकमेकांना धक्का न लावता चालतात. गंमत अशी, की सगळ्यात जास्त फरक ज्या सेटिंगने पडला तिच्यात मी लाईनचा वेग मुद्दाम कमी केलाय. तोंडी सांगितलं की कुणाला पटत नाही, म्हणून आकड्यांसकट लिहून ठेवतो.

जागेची कल्पना देतो. साताऱ्यातला जुना वाडा, तळमजल्याच्या भिंती दगड-मातीच्या, दोन फुटांच्या आसपास जाड. वर नंतर चढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. फायबर ओसरीतून आत येते, म्हणून ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश नेटमध्ये बदलणारी कंपनीची डबी, ओसरीतच. माझं टेबल नेमकं उलट्या टोकाला, तेही वरच्या मजल्यावर. वायफायला छळायचं ठरवून मांडणी केली असती तरी इतकी जमली नसती.

आधी तुकडे पाडून मोजणी

फोनवर स्पीड टेस्ट लावली की एक आकडा मिळतो. त्या आकड्यात वायफाय, भिंत, राऊटर, केबल, फायबर, कंपनीची पुढची लाईन आणि टेस्टचा सर्व्हर सगळे मिसळलेले असतात. नेट हळू आहे एवढं कळतं, कुठे हळू आहे ते कळत नाही. म्हणून मी चार तुकडे वेगळे मोजले: खांबापासून ओएनटीपर्यंतची फायबर, ओएनटी ते राऊटर, राऊटर ते खोली, आणि लाईन भरलेली असताना होणारा उशीर. घरातल्या घरात मोजायला आयपर्फ-३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामसारखं दुसरं साधन नाही. जुना लॅपटॉप केबलने राऊटरला लावून सर्व्हर करून ठेवायचा, मग वाड्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातून त्याच्याकडे वेग मोजायचा. यात बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच येत नाही, त्यामुळे भांडण कुणाशी करायचं ते लगेच ठरतं.

फायबरचा तुकडा तपासायला ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर रिसीव्ह पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायची. जीपॉनच्या, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या पद्धतीच्या, नेहमीच्या बी-प्लस वर्गात ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता यायला हवा (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). कंपनीच्या टोकाकडून तीनेक डीबीएमने निघालेला प्रकाश ३२ घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्येच १७ डीबीच्या आसपास उतरतो, वर सांधे आणि किलोमीटरचा हिशोब. म्हणजे घरी उणे १८ ते २२ दिसलं तर मंडळी, झोप काढा. माझ्याकडे पावसात ते उणे २६ च्या खाली घसरत होतं आणि एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा अधूनमधून डोळा मारायचा.

लाईनमनने पेटी उघडल्यावर कारण दिसलं. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या कपलरमध्ये (दोन टोकं जोडणाऱ्या नळीत) बसवलेला. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड जवळजवळ सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात हीच अडचण आहे. तोंडं टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि तिथे प्रकाश वाया जातो. कपलर बदलला, ओसरीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली फायबर मोठ्या वळणाने घेतली, आणि आकडा उणे २१ वर येऊन स्थिरावला. वेग यामुळे वाढला नाही, हे लक्षात घ्या. प्रकाश पुरेसा असला की वेग तोच राहतो. फक्त पावसात लाईन पडायची ती थांबली.

९४ चा आकडा

ओएनटीला लॅपटॉप थेट लावला तर पूर्ण २०० मिळत होते. राऊटरमागून मोजलं की ९४. कधी ९३.८, कधी ९४.१, त्याच्या वर काही केल्या नाही. ज्यांनी हे आधी पाहिलंय ते आत्ता हसत असतील. १०० एमबीपीएसच्या इथरनेटवरून हेडरची, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरच्या (पॅकेटवरच्या) पत्त्याबित्त्याची, वजावट होऊन टीसीपीच्या (माहितीची ने-आण करणाऱ्या नियमांच्या) हाती जे उरतं ते साधारण एवढंच असतं. वेग ९४ वर खिळलेला दिसला की इंटरनेटवाल्याला फोन करू नका, केबल बघा.

१०० ला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात: १-२ आणि ३-६. गिगाबिटला (१००० ला) चारही लागतात. केबल ओढणाऱ्याने आठपैकी चारच तारा क्रिम्प केल्या होत्या. उरलेल्या चार कापून मागे वळवलेल्या. त्याच्या दृष्टीने काम चोख होतं, कारण तेव्हाचा प्लॅन ५० चा होता. शिवाय ती केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली. कात्रीने तार खरवडली की आतून पांढरी दिसते. पूर्ण तांब्याची कॅट-६ केबल घेतली, भिंतीतल्या टोकाला कीस्टोन (केबलचं सॉकेट), पुढे तयार पॅच कॉर्ड. पोर्टचा दिवा हिरवा झाला. यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

भिंतीशी वाद घालण्यात अर्थ नाही

वरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ पोचतच नव्हता आणि २.४ वर वीस-पंचवीस एमबीपीएसच्या वर जात नव्हतं. अशा वेळी सगळे पहिला सल्ला देतात, रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लाव. एकाच रेडिओचा रिपीटर ऐकतो तेव्हा बोलत नाही आणि बोलतो तेव्हा ऐकत नाही, म्हणून वेग निम्म्यावर येतो. आणि जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे तो बसवला तर मेलेलाच पुढे वाटतो. दुसरा सल्ला राऊटरची पॉवर वाढवण्याचा. राऊटर कितीही ओरडला तरी फोनचा क्षीण आवाज त्याच्यापर्यंत परत यायला हवा ना? फोनच्या अँटेनाची ताकद आपल्या हातात नाही.

उपाय एकच, केबल वर नेणे. जिन्याखालून केसिंग-पट्टीतून कॅट-६ पोटमाळ्यावर, तिथून स्लॅबमधल्या रिकाम्या पाईपमधून वरच्या छताला. छतावर ॲक्सेस पॉइंट (केबलमधलं नेट वायफायने देणारं यंत्र), त्याला वीज पीओईने, म्हणजे त्याच नेटच्या केबलमधून. आता त्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झची रुंदी ठेवून लिंक ८६७ एमबीपीएसची बसते आणि आयपर्फमध्ये पाचशेच्या पुढे जातं. लिंकचा आकडा आणि हाती पडणारा वेग यांत एवढं अंतर नेहमीच असतं, त्यात बिघाड काही नाही.

चॅनलबद्दल थोडं. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर न चढणारे, आणि रुंदी २० च ठेवायची. आळीत प्रत्येक घरात राऊटर असताना तिथे ४० लावणं म्हणजे शेजाऱ्यांचंही वाटोळं. ५ गिगाहर्ट्झला मात्र आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मोठा पट्टा परवानामुक्त झाला, त्यामुळे ३६ पासून १६५ पर्यंत ऐसपैस जागा आहे. मधले ५२ ते १४४ रडारशी वाटून घ्यायचे असतात. तिथे राऊटर सुरू झाल्यावर किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो आणि रडार दिसलं की चॅनल सोडून देतो. मी खाली ३६ आणि वर १४९ ठेवलाय. ६ गिगाहर्ट्झची यंत्रं मोहात पाडतात, पण दगडी भिंतीसमोर ६ ची अवस्था ५ पेक्षा वाईटच असणार. माझे पैसे केबलवर.

मुख्य काम: रांग

एवढं करूनही संध्याकाळी कॉल अडखळायचाच. वेग भरपूर, तरी आवाज रोबोटसारखा. मग एका खिडकीत पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो त्याची मोजणी) चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाईल अपलोडला लावली. मोकळ्या लाईनवर ८ मिलिसेकंद असलेला पिंग अडीचशेच्या वर गेला. अपलोड थांबवलं, परत ८. हाच तो बफरब्लोट. मोडेम-राऊटर बनवणाऱ्यांनी पॅकेट सांडू नये म्हणून भलेमोठे बफर (पॅकेट थांबायच्या जागा) ठेवले आणि लाईन भरली की प्रत्येक पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहू लागलं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरच्या जोडणीत हे पकडून त्याला नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग आवरायचं तंत्र मांडलं: रांग किती लांब आहे हे मोजू नका, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजा. त्याचा पुढचा अवतार एफक्यू-कोडेल २०१८ च्या आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, आणि त्याच्याही पुढचं, रांग सांभाळणारं केक हे तंत्र त्याच वर्षी लिनक्स ४.१९ मध्ये आलं. या सगळ्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे डेव्ह टॅट २०२५ मध्ये गेले. आपल्यासारख्यांचे घरचे कॉल ज्यांच्यामुळे सुधारले, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे.

मग वेग कमी का करायचा? खंबाटकी घाटात गाड्या अडकल्यावर कुणालाच काही करता येत नाही. पायथ्याशीच ट्रक थांबवून थोडेथोडे सोडले तर मधून रुग्णवाहिका जाऊ शकते. ओएनटीतला बफर आपल्या ताब्यात नाही. आपल्या राऊटरचा वेग लाईनपेक्षा किंचित कमी ठेवला तर रांग ओएनटीत न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते, आणि तिथे केक तिची नीट वाटणी करतो.

राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली, तिच्यावर एसक्यूएमचं (रांग सांभाळणारं) पॅकेज, रांगेची शिस्त केक, स्क्रिप्ट पीस-ऑफ-केक. डाऊनलोड १८०, अपलोड १८५, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचा जादा भार) ४४ बाइट. आधी ८५ टक्क्यांवरून सुरुवात करून पिंग बिघडेपर्यंत हळूहळू वर सरकवायचं. डाऊनलोडची रांग खरं तर आपल्या पलीकडे लागते, तरी उपाय चालतो, कारण आपण काही पॅकेट टाकली की पाठवणारा सर्व्हर टीसीपीच्या नियमाने स्वतःच हात आखडतो. प्रगत खान्यात जाणाऱ्या बाजूला ड्युअल-एसआरसीहोस्ट, येणाऱ्या बाजूला ड्युअल-डीएसटीहोस्ट आणि दोन्हीकडे नॅट (घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता देणारी सोय) हे शब्द घातले की वाटणी जोडण्यांऐवजी यंत्रांनुसार होते. एका फोनने तीस जोडण्या उघडल्या म्हणून त्याला तीस वाटे मिळत नाहीत. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट प्रोसेसरला टाळून पुढे ढकलायची सोय) मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर पॅकेट केकला वळसा घालून निघून जातात. आणि हो, हे सगळं प्रोसेसर खातं. एका गाभ्याच्या (कोअरच्या) मिप्स प्रोसेसरचा जुना राऊटर दीडशेच्या आधीच धापा टाकत होता, म्हणून दोन गाभ्यांचा एआरएम प्रोसेसरवाला आणला.

आता लाईन दोन्ही बाजूंनी भरलेली असताना पिंग १५ च्या आत. स्पीड टेस्ट दहा टक्के कमी दाखवते. घरात कुणालाही ते जाणवलेलं नाही, आणि आईने "नेट बदललंस का रे?" असं आपणहून विचारलं.

दादाचं ऑफिस

चुलतभाऊ कर सल्लागार आहे. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख जवळ आली की त्याच्या ऑफिसात नेट म्हणजे जीव की प्राण. त्याने आधीच दोन कंपन्यांची फायबर घेऊन ठेवली होती आणि त्याची अपेक्षा होती की दोन्ही जोडून दुप्पट वेग व्हावा. एमवॅन-३ या ओपनडब्ल्यूआरटीच्या पॅकेजने दोन लाईनींवर जोडण्या वाटता येतात, पण एक डाऊनलोड एकाच लाईनवरून येतं. शिवाय वाटणी केली की एकाच ब्राउझरची एक मागणी एका आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) आणि पुढची दुसऱ्यावरून जाते. लॉगिन लागणाऱ्या पोर्टलला हे चालत नाही, तो सरळ बाहेर काढतो. म्हणून वाटणी रद्द, फक्त बदली. पहिली लाईन पडली की दुसरी. ज्यांना वाटणीच हवी त्यांनी एचटीटीपीएससाठी (सुरक्षित वेबसाईटींसाठी) स्टिकी नियम, म्हणजे एका यंत्राला एकाच लाईनवर धरून ठेवणारा, चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट जागेवर जाऊन बघितल्याशिवाय कळली नसती: दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत होत्या. गटारासाठी रस्ता खोदला की दोन्ही एकदम गेल्या. आता दुसरी लाईन म्हणजे खिडकीत ठेवलेला सिमचा राऊटर. वेग निम्माही नाही, पण त्याचा जेसीबीशी संबंध नाही. ओएनटी आणि राऊटर दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून त्यांना छोटा डीसी यूपीएस. मोठ्या इन्व्हर्टरचा बदल होताना राऊटर रीबूट व्हायचा तो प्रकार संपला. येणाऱ्या अशिलांसाठी वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर), त्याला केकमध्ये कमी हिस्सा. दादाचं त्यावरचं मत: "त्यांनी इथे बसून रील बघायचेच कशाला?"

राहिलेलं

घर ते ऑफिस वायरगार्ड (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी बोगदा) अजून अर्धवट आहे. दोन्हीकडे १००.६४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे कंपनीच्या सामायिक नॅटमागे, त्यामुळे आयपीव्ही-४ वर (जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर) बाहेरून आत येता येत नाही. घरी आयपीव्ही-६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतो, ऑफिसच्या फायबर लाईनवर नाही. सध्या ऑफिसकडून घराकडे जोडणी सुरू करायची आणि ती किपअलाईव्हने (अधूनमधून पाठवलेल्या छोट्या पॅकेटांनी) धरून ठेवायची असं ठरवलंय. त्यासाठी ऑफिसच्या सिमच्या बाजूला तरी आयपीव्ही-६ मिळतो, ही जमेची बाजू.

परड्यातल्या खोलीपर्यंत नेटही न्यायचंय. अंतर कॅट-६ च्या १०० मीटरच्या मर्यादेत आहे, पण दोन वेगळ्या इमारतींत तांब्याची तार उघड्यावरून ओढली की वीज कडाडल्यावर दोन्ही टोकांची पोर्टं जायची भीती. म्हणून तिथे चाळीस मीटर तयार टोकांची फायबर आणि फायबरला केबलशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर. सामान आलंय. वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत पाईप पुरून घ्यायचाय, त्यासाठी गवंड्याची वाट बघतोय.